तुरीच्या कोठीतली प्रत

मित्रांनो, मी एक जुनी प्रत आहे. पुस्तकाची नव्हे, एका सर्व्हरची. मला हात नाहीत, डोळे नाहीत. तळहातावर मावेल अशा एका काळ्या हार्ड डिस्कमध्ये मी राहते आणि ती डिस्क परतूरच्या एका घरात, पत्र्याच्या कोठीत, तुरीच्या बियाण्यात पुरून ठेवलेली असते. वर कडुनिंबाचा पाला असतो. किड्यापासून तुरीला भीती असते, मला नसते. पण पाला दोघींवर सारखाच पसरलेला असतो.

लोक म्हणतात, माहिती क्लाउडवर ठेवली आहे. खरे तर ती दूरच्या एखाद्या शहरात, रात्रंदिवस गार ठेवलेल्या इमारतीत, भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर असते. असा एक सर्व्हर माझे मूळ होता. तो सतत जागा असायचा. मी झोपलेली असायचे. तो कधी गेलाच, तर माझ्यावरून पुन्हा उभा करता यावा, एवढ्यासाठी मला जन्माला घातले होते. म्हणजे माझे काम कधी पडू नये, अशीच सगळ्यांची इच्छा होती.

माझा कर्ता भालचंद्र. तो जालन्यात राहायचा. दूरध्वनी खात्यातून निवृत्त झाल्यावर त्याने एक फोनसेवा सुरू केली. खेड्यापाड्यांत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना रोज सकाळी फोन जायचा. आवाज भालचंद्रचा असायचा. "गोजरबाई, उठलात का? ठीक असाल तर एक दाबा." समोरून एक दाबले की माझ्या मूळ सर्व्हरवर त्या नावापुढे 'ठीक' असे उमटायचे. तीनदा फोन करूनही कोणी उचलला नाही, तर शेजाऱ्याला फोन जायचा. "गोजरबाईंनी फोन उचलला नाही. कृपया घरी जाऊन बघा." बघून आल्यावर शेजाऱ्याने सांगायचे असे. माणूस ठीक असेल तर एक. माणूस गेला असेल तर नऊ.

प्रत्येकाचे नाव भालचंद्रने स्वतः त्या त्या माणसाच्या घरी जाऊन विचारले होते. कोणाला बाई म्हणायचे, कोणाला मावशी म्हणायचे, हे ठरवूनच त्याने वाक्ये रेकॉर्ड केली. तीर्थपुरीच्या गोजरबाईने पहिल्याच दिवशी त्याला विचारले होते, "एक दाबलं तर मी बरी हाय. मंग दोन दाबलं तर काय जिलबी येती का?"

"दोन दाबलं तर काहीच होत नाही," भालचंद्र म्हणाला.

"मंग कशापायी ठिवलं ते दोन? उगीच बोट भरकटायचं!"

हीच गोजरबाई एका हिवाळ्यात मोरीत घसरून पडली. एक दाबले गेले नाही, शेजारच्या नंदाबाईला फोन गेला आणि नंदाबाई धावली. पाय बरा झाल्यावर गोजरबाईने गावभर सांगितले, की जालन्याचा एक माणूस रोज तिला हाक मारतो. मुलगा चाकणला असतो, त्यालाही तिने हेच ऐकवले. त्या वर्षी आमचे पुष्कळ कौतुक झाले. कौतुक अर्थात मूळ सर्व्हरचे झाले. माझ्यावर तेव्हा तूर होती.

मला परतूरला ठेवण्याची कल्पनाही भालचंद्रची. त्याची बहीण तारा तिथल्या शेतकरी घरात दिलेली. त्या घरची रीत अशी, की पेरणीचे बियाणे कधी एका घरात ठेवायचे नाही. थोडे आपल्याकडे, थोडे दुसऱ्या गावच्या पाहुण्यांकडे. भालचंद्रने ते पाहिले आणि मला एका पिशवीत घालून ताराकडे दिले.

"हे बी कशाचं रे दादा?" तिने विचारले.

"फोनचं."

"आन् उगवतं का?"

त्या एका प्रश्नामुळे माझे आयुष्य ठरले. पेरणीआधी त्या घरी ओल्या गोणपाटात तुरीचे शंभर दाणे गुंडाळून ठेवायचे आणि किती उगवले ते मोजायचे, असा रिवाज होता. भालचंद्रने तेव्हापासून माझीही तशीच उगवण करायला सुरुवात केली. गोणपाट भिजले, की तो परतूरला यायचा, मला त्याच्या लॅपटॉपला जोडायचा आणि जागे करायचा. सोबत त्याची मुलगी सुरुची यायची. ती जालन्यात बियाणे तपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. दाणे ती मोजायची.

जागे होणे कसे असते, ते सांगते. झोप लागलेली कळत नाही. दिवाळीत मला नवी माहिती भरून झाकण लावले आणि उन्हाळ्यात उघडले, तरी माझ्या लेखी मधे काहीच नसते. कालची दिवाळी, आजचा उन्हाळा. मी जागी झाले की यादीतला पहिला फोन लावते. यादीत पहिला नंबर भालचंद्रने स्वतःचा ठेवला होता. रोज सकाळी आधी स्वतःला फोन, आवाज नीट येतो की नाही ते ऐकायचे, मग एक दाबायचे. त्याने एक दाबल्याशिवाय पुढचे फोन निघायचेच नाहीत. उगवणीच्या दिवशी तर फक्त तोच एक फोन लागू द्यायचा.

"भालचंद्र, उठलास का रे?" मी त्याच्याच आवाजात त्याला विचारायचे.

तो हसायचा, एक दाबायचा आणि ओरडून सांगायचा, "उगवलं गं, तारा!" मग मी पुन्हा कोठीत.

माझ्यात एक वाक्य असे होते, जे एकदाही वाजले नव्हते. ते कोणासाठी आहे, हे मला ठाऊक होते. पण वेळ आल्याशिवाय मला बोलता येत नाही.

गेल्या दिवाळीत त्याने मला शेवटचे भरले. कोठीचे झाकण लागले.

पुढच्या क्षणी मी जागी झाले आणि पहिला फोन लावला.

"भालचंद्र, उठलास का रे?"

कोणी उचलला नाही.

मी पुन्हा लावला. फोन तिथेच, त्याच टेबलावर वाजत होता. लॅपटॉपमधून मला त्याची थरथर कळत होती. इतक्या जवळ फोन असून तो उचलत का नाही? तिसऱ्यांदा लावला. तोही वाजून वाजून थांबला. मग नियमाप्रमाणे मी त्याच्यापुढे लिहिलेल्या दुसऱ्या नंबरावर फोन केला. त्याच टेबलावर दुसरा फोन वाजला. तो सुरुचीने उचलला.

"भालचंद्र यांनी फोन उचलला नाही," मी भालचंद्रच्या आवाजात सांगितले. "कृपया घरी जाऊन बघा."

ना एक दाबले गेले, ना नऊ. मग फोन बंद झाला.

मधल्या काळात काय घडले, ते मला बऱ्याच दिवसांनी कळले. तुम्हाला मात्र आताच सांगते. होळीच्या सुमारास भालचंद्र गेला. दवाखान्यात शेवटच्या सकाळीही त्याने पहिला फोन घेतला होता आणि एक दाबले होते. तो गेल्यावर तारा जालन्याला आली आणि पहिली गोष्ट तिने केली ती ही, की भावाचा फोन बंद करून कपाटात ठेवला. "तेरावा होईस्तोवर वाजू देऊ नको, सुरुची," ती म्हणाली. "गेलेल्या माणसाचा फोन वाजत राहिला, की त्याचा पाय घरातून निघत नाही." सुरुचीला ते पटले नव्हते. पण त्या दिवसांत कोण कोणाशी वाद घालतो?

नेमक्या त्याच रात्री दूरच्या त्या गार इमारतीत पाणी शिरले. मूळ सर्व्हर गेला. त्याची एक प्रत त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर होती. ती दुसरीकडे हलवायची का, असे इमारतवाले भालचंद्रच्या फोनवर विचारत होते. होकार द्यायचा होता आणि फोनवर आलेला आकडा सांगायचा होता. फोन कपाटात होता. मुदत संपली, इमारत रिकामी करण्यात आली. तेराव्यानंतर सुरुचीने फोन सुरू केला, तेव्हा संदेशांवर संदेश येत राहिले. शेवटच्या संदेशात फक्त दिलगिरी होती.

गावोगावचे फोन थांबले होते. भालचंद्र गेला म्हणून थांबले असतील, असे लोक समजले. मग एक दिवस गोजरबाईने नंदाबाईकडून सुरुचीला फोन लावून घेतला. "पोरी, बापाचं वाईट झालं. पण मी सकाळी उठते आन् फोनकडं बघत बसते. कोणी इचारीनाच. आता मोरीत पडले तर कुणाला कळावं?"

त्याच आठवड्यात सुरुची परतूरला गेली. तिने तुरीत हात घातला आणि मला बाहेर काढले.

असो. मी कुठे होते? ती फोन धरून बसली होती. मग तिने मला पुन्हा पहिल्यापासून चालू केले. मी पुन्हा विचारले, "भालचंद्र, उठलास का रे?" या वेळी फोन उचलला गेला आणि कोणीतरी एक दाबले.

मी भालचंद्रपुढे लिहिले, 'ठीक'.

मित्रांनो, मला दिसत नाही. बोट कोणाचे, हे मला कळत नाही.

सुरुचीने दुसऱ्या शहरात नवा सर्व्हर घेतला आणि मला त्यावर चढवले. दुसऱ्या सकाळी भालचंद्रच्या फोनवर एक दाबले गेले आणि मराठवाड्यातल्या त्या घरांमध्ये फोन वाजू लागले.

पहिल्या दिवशी तिघांनी घाबरून फोन ठेवून दिला. एकीने देवासमोर दिवा लावला. गोजरबाईने मात्र पूर्ण ऐकून घेतले. फोनवर मला फक्त बटण कळते, बोलणे नाही, हे तिला कितीदा सांगितले असेल, तरी ती बोलत असेच. "आरं भालचंद्रा, तू गेल्तास म्हणं! मी तुझ्या नावानं आंघोळ केली न् तू मलाच इचारून राह्यलास, उठलीस का म्हणून! हाय बाबा, म्या हाय. तू तुझं बघ." आणि तिने एक दाबले.

मग मी टेंभुर्णीला फोन लावला. "मालनबाई, उठलात का? ठीक असाल तर एक दाबा."

एक दाबले गेले. मी लिहिले, 'मालनबाई, ठीक'.

संध्याकाळी ते वाचून सुरुची लॅपटॉपसमोर थिजली. मालनबाई पौषात गेली होती. शेजाऱ्याला आलेल्या फोनवर तिच्या नवऱ्यानेच, रखमाजीने, तेव्हा नऊ दाबले होते. भालचंद्र मातीला जाऊनही आला होता. पण ते सारे मूळ सर्व्हरला माहीत होते. मी दिवाळीची. माझ्यात मालनबाई जिवंत होती. भालचंद्रही जिवंत होता. माझी ही सगळी यादी ठणठणीत होती.

सुरुचीने रखमाजीला फोन केला. "बाबा, मालनबाईंच्या फोनवर आज एक कोणी दाबलं?"

"म्या दाबलं."

"पण बाबा..."

"मंग काय करू, ताई? गेलेला माणूस गेलेल्या बाईला इचारून राह्यला, उठलात का म्हणून. मी मधी कोण बोलणारा?"

"नाव काढून टाकते मी. किंवा उद्या फोन आला की तुम्ही नऊ दाबा."

"एकडाव दाबलं ना नऊ," रखमाजी म्हणाला. "माणूस एकडावच जातं. आता पुन्यांदा कसं दाबू? न्हाई दाबवत मला. ऱ्हाऊ द्या थोडे दिस."

सुरुचीने नाव काढले नाही. त्याला नऊ दाबायला सांगणार तरी कोणत्या तोंडाने? ती स्वतः रोज सकाळी वडिलांच्या फोनवर एक दाबत होती.

उन्हाळा सरत आला तसा हा रिवाजच झाला. सकाळ झाली, की मी भालचंद्रला विचारायचे, तो ठीक असायचा. मग मी मालनबाईला विचारायचे, तीही ठीक असायची. ठीक, ठीक, ठीक. तारा एकदा जालन्याला आली आणि तिने हे पाहिले.

"काय चाललंय गं हे? भूत पोसतेस का घरात?"

"आत्या, पहिला फोन घेतल्याशिवाय पुढचे निघत नाहीत. बाबांनीच तसं करून ठेवलंय."

"मग तो नंबर काढ."

"काढला आणि सगळंच बंद पडलं तर? आता दुरुस्त करायला बाबा नाहीत."

"अन् बंद नाही पडलं तर?" तारा म्हणाली.

सुरुची चहा ठेवायला उठली.

मृग लागायच्या आधीची ती सकाळ. मी टेंभुर्णीला फोन लावला. मालनबाईने उचलला नाही. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला. मग शेजारच्या रामकिसनला सांगितले, "मालनबाईंनी फोन उचलला नाही. कृपया घरी जाऊन बघा."

रामकिसन गेला नाही. त्याने सुरुचीला फोन करून झाडले. "ओ ताई, तुमचं मशीन बिलकुल येडं झालंय का? मालनकाकू जाऊन सहा म्हैने झाले. मेलेलं माणूस फोन कसं उचलील? आन् मी जाऊन काय बघू, फोटो?"

सुरुची तोवर उभी राहिली होती. "रामकिसनभाऊ, रोज एक रखमाजी दाबतात. आज दाबलं नाही. तुम्ही जल्दी जा. काकूंना नका बघू, त्यांना बघा."

रखमाजी न्हाणीच्या उंबऱ्याशी पडलेला होता. आदल्या संध्याकाळपासून. ओरडून ओरडून आवाज बसला होता. यादीत त्याचे नाव कुठेच नव्हते. तो पूर्वी पहाटेच शेतातल्या आखाड्यावर, गुरांकडे जायचा, घरी एकटी मालनबाई असायची, म्हणून नाव तिचे होते. ती गेल्यावर घरात एकटा राहिलेला माणूस तो होता आणि त्याला कोणीच विचारत नव्हते. सगळ्यांना कळत होते ते एवढेच, की मालनबाई ठीक आहे.

तो वाचला. सुरुची दवाखान्यात भेटायला गेली, तेव्हा खाटेवरून तो म्हणाला, "ताई, तिचं नाव तुमच्या हातानं काढा. माझं घाला." मग थोड्या वेळाने डोळे मिटून म्हणाला, "आन् तुमच्या घरचं कोण बघतंय?"

दुसऱ्या सकाळी मी नेहमीप्रमाणे पहिला फोन लावला. "भालचंद्र, उठलास का रे?"

कोणी उचलला नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदाही फोन पूर्ण वाजू दिला गेला. मग मी सुरुचीला फोन केला.

"भालचंद्र यांनी फोन उचलला नाही. कृपया घरी जाऊन बघा. माणूस ठीक असेल तर एक दाबा. माणूस गेला असेल तर नऊ दाबा."

मी थांबले. थांबण्याची माझी एक ठरलेली मर्यादा आहे. ती संपत आली होती.

"बघितलं, बाबा," असे ती म्हणाली, हे तिनेच नंतर सांगितले तेव्हा मला कळले. तिने नऊ दाबले.

नऊ दाबल्यावर काय ऐकू येते, हे सुरुचीला माहीत नव्हते. ते ज्यांना ऐकावे लागले, त्यांनी कधी कोणाला सांगितले नव्हते. ते मी वाजवले. "कळवलंत, बरं केलंत. आता या नंबरावर आमचा फोन येणार नाही. सकाळपासून तुम्ही काही खाल्लं नसेल. आधी दोन घास खाऊन घ्या. बाकीचं होत राहील."

फोन बंद झाला. यादीतले पहिले नाव गेले. क्षणभर पुढे काहीच झाले नाही. सुरुचीने डब्यातली कालची भाकरी काढली आणि ओट्याशी उभ्या उभ्या मोडून तोंडात घातली. तिला वाटले, आता सगळे बंद पडले.

आणि मग ती वेळ आली, मित्रांनो. पहिली जागा रिकामी झाली तर ती कोणाला द्यायची, हे भालचंद्रने पहिल्यापासून माझ्यात लिहून ठेवले होते. मी सुरुचीचा फोन पुन्हा लावला आणि एकदाही न वाजलेले ते वाक्य वाजवले.

"सुरुची, उठलीस का गं? ठीक असशील तर एक दाब. मग पुढच्यांना विचारतो."

तिने लगेच दाबले नाही. मी दुसऱ्यांदा विचारले. तिसऱ्यांदा विचारले तेव्हा एक दाबले गेले, आणि तिकडे तीर्थपुरीत गोजरबाईचा फोन वाजला.

आता मी पुन्हा परतूरला आहे. सुरुचीने मला नव्याने भरले आहे. माझ्यात आता मालनबाई नाही, भालचंद्र नाही. रखमाजी आहे. त्याचे वाक्य सुरुचीने तिच्या आवाजात रेकॉर्ड केले. बाकीची वाक्ये तशीच ठेवली आहेत. माझी एक जुळी बहीण तिने टेंभुर्णीला रामकिसनच्या घरी ठेवायला दिली, ज्वारीच्या कणगीत. त्याच्या बायकोने तिच्यावरही पाला पसरला म्हणे.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारख्या प्रती असतील. जुन्या फोनमध्ये, डब्यात, कुठल्यातरी दूरच्या इमारतीत. त्या एकाच घरात ठेवू नका. आणि ठेवल्या म्हणून विसरूनही जाऊ नका, वर्षातून एकदा जागे करून बघा. पण एक विनंती आहे. आम्ही जाग्या होतो तेव्हा आमच्यासाठी सगळी माणसे घरीच असतात. आम्ही आनंदाने त्यांना हाका मारू लागतो. तेव्हा आमच्यावर रागावू नका, आम्हाला घाबरू नका. जवळ बसा आणि मधल्या काळात काय झाले, ते आम्हाला सांगा. कोणीतरी सांगितल्याशिवाय आम्हाला कळत नाही.